हजेरीचा प्रश्न

बाईंनी मला पहिल्या दिवशी नाव विचारलं नाही. टिटवाळ्याच्या आमच्या शाळेत मी नुकतीच रुजू झाले होते. स्टाफरूममध्ये ऑर्डरचं पाकीट हातात धरून उभी होते, तेवढ्यात साडीवर पांढरे स्पोर्ट्स शूज घातलेली एक ठेंगणी बाई समोर येऊन म्हणाली, "आज घरातून निघताना कशावर पाय पडता पडता राहिला?"

मला वाटलं, नवीन म्हणून चेष्टा चाललीय. पण त्या खरंच उत्तराची वाट बघत होत्या, मान जराशी तिरकी करून.

"शेजाऱ्यांच्या दुधाच्या पिशवीवर," मी म्हटलं.

"म्हणजे शेजारी उशिरा उठतात. ये, बस. कपाटातला खालचा कप्पा तुझा. वरच्यात पाल आहे."

नाव त्यांनी दुपारी डबा खाताना विचारलं. तोपर्यंत मी कोणत्या बिल्डिंगमध्ये राहते, दूध कितीला येतं आणि माझ्या शेजाऱ्यांचं कुलूप सदानकदा अडकतं हे सगळं त्यांना माहीत झालं होतं.

शाळेत त्या गणिताच्या बाई. राहायला डोंबिवलीत, वय पन्नाशीच्या पुढे, घरी नवरा आणि एक लग्न झालेली मुलगी अधूनमधून येणारी. वर्गात त्या खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. तास सुरू झाला की आधी खुर्ची उचलून दाराबाहेर ठेवायच्या. "ती आत असली की मला बसावंसं वाटतं, आणि मी बसले की मुलं झोपतात," असं त्यांचं म्हणणं. त्यांचा तास चालू आहे हे ओळखायला टाइमटेबल बघायची गरज नव्हती, पॅसेजमध्ये खुर्ची दिसली की कळायचं.

आणि त्यांची हजेरी. ती ऐकायला मी मुद्दाम शेजारच्या वर्गाच्या दाराशी रेंगाळायचे. नाव पुकारलं की मुलांनी 'हजर' म्हणायचं नाही, त्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. उत्तर आलं की हजेरी लागली. प्रश्न तासाच्या सुरुवातीला फळ्यावर लिहिलेला असायचा. "आज सकाळी पहिला आवाज कोणता ऐकला?"

"मिक्सर."

"आईचा."

"आईचा म्हणजे काय म्हणाली ती?"

"ऊठ म्हणाली, बाई. आणि पुढे पण म्हणाली, पण ते नाही सांगत."

"नको सांगूस. पुढचा."

"पाण्याची टाकी ओव्हरफ्लो झालेली."

"कोंबडा."

"बाई, याच्याकडे कोंबडा नाहीचे!"

"शेजारी आहे ना पण!"

सगळ्यांची उत्तरं येईस्तोवर वर्ग जागा झालेला असायचा. मग बाई फळ्याकडे वळायच्या आणि मिक्सर किती, कोंबडे किती, आया किती अशा उभ्या रेघा ओढायला लागायच्या. मुलांना पत्ताही नसायचा की सांख्यिकीचा धडा सुरू झाला आहे. चार-सहा दिवसांनी पुस्तकात वारंवारता सारणी आली की मुलं म्हणायची, हे तर आपण मिक्सरचं केलं होतं तेच.

आम्हालाही सुटका नव्हती. सकाळी मस्टरवर सही करायला गेलं की बाई शेजारी उभ्या. "कालच्या भाजीत काय जास्त पडलं?" हिंदीचे सर मन लावून उत्तर द्यायचे. शिपाई मामा तर घरूनच उत्तर तयार करून आणायचे. हेडसर मात्र दर वेळी म्हणायचे, "बाई, मला कामं आहेत."

"हे उत्तर तुम्ही कालही दिलंत, सर."

हेडसर माणूस वाईट नव्हता. दहावीचा निकाल, संस्थेची मीटिंग, गळणारं छप्पर आणि आजूबाजूला उगवलेल्या इंग्रजी शाळा, या सगळ्यात तो अडकलेला होता. बाईंच्या वर्गातून हसण्याचा आवाज आला की त्याच्या कपाळाला आठी पडायची. त्याला वाटायचं, हसतायत म्हणजे शिकत नाहीयेत.

असेच प्रश्न का विचारता, असं मी बाईंना एकदा म्हटलं. तेव्हा आम्हा सगळ्यांचं एक प्रशिक्षण नुकतंच झालेलं, ठाण्याला. तिथे एका तरुण साहेबांनी आम्हाला गोल बसवून, प्रत्येकाने आपण कोणतं फळ आहोत ते सांगून ओळख करून द्या, म्हणून सांगितलं होतं. आम्ही आंबा, फणस, सीताफळ झालो, जेवलो, सर्टिफिकेट घेतलं आणि घरी आलो. त्या अख्ख्या दिवसाचा विचार करत घरी गेलेल्या एकट्या बाईच.

"कल्पना चांगली होती गं, पण फळ होऊन काय कळलं? मी चिकू झाले, तू पेरू झालीस. मला तुझ्याबद्दल काय समजलं? मुलांना विचारायचं तर असं विचारावं की त्याला थांबून आठवावं लागेल. आणि उत्तर बरोबर की चूक हा प्रश्नच यायला नको. दिवसातून एकदा तरी प्रत्येक पोराचा आवाज वर्गात निघाला पाहिजे. एकदा निघाला की दुसऱ्यांदा निघतो. गणिताचं उत्तर मग त्या दुसऱ्या आवाजात येतं."

ह्या त्यांच्या म्हणण्याची खरी परीक्षा मी आल्यानंतरच्या जूनमध्ये झाली.

आमच्याच संस्थेची पलीकडच्या गावातली शाळा पटसंख्या कमी झाली म्हणून बंद झाली आणि तिथली नववीची मुलं आमच्या नववीत आली. मी त्या वर्गाची वर्गशिक्षिका. पहिल्याच दिवशी वर्गाचे सरळ दोन तुकडे पडले. आमची जुनी मुलं, म्हणजे बहुतेक नव्या बिल्डिंगांत राहायला आलेल्या घरांतली, खिडकीकडच्या बाकांवर. गावची मुलं भिंतीकडे. मधली वाट रिकामी. बाईंनी त्या दिवशी भिंतीकडच्या भावेश नावाच्या मुलाला काहीतरी विचारलं. तो उठून म्हणाला, "मना नाय म्हाईत, बाय." खिडकीकडून हशा उसळला. कोणीतरी मागून "मना, मना" केलं. भावेश बसला. त्यानंतर भिंतीकडून आवाज यायचा बंद झाला.

हजेरीच्या प्रश्नालाही तिकडून एकच उत्तर. "काय नाय."

"सकाळी काय वास आला?" "काय नाय." "वाटेत कोण भेटलं?" "काय नाय." बाई शांतपणे म्हणायच्या, "काय नाय. लागली हजेरी. पुढचा."

मला वाटायचं, बसतील हळूहळू. पण ऑगस्टमध्ये गावातल्या दोन-तीन आया माझ्याकडे आल्या. त्यातली एक म्हणाली, "बाय, पोरी शालंत जायला बगत नाय. हसतात म्हनं त्यांना. मंग रिक्षाला पैसे घालून कशाला धाडायचं?" मुलगे कुठेतरी चिकटले असते, गोदामात, दुकानात. मुली घरी बसल्या असत्या आणि विषय संपला असता. मी हे बाईंना सांगितलं. त्या डबा खात होत्या. त्यांनी पोळीचा तुकडा तसाच खाली ठेवला.

"पोरी घरी बसणार नाहीत," त्या म्हणाल्या. एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक तासाची पहिली दहा मिनिटं त्यांनी त्या मधल्या वाटेसाठी राखून ठेवली. आधी जुन्या कॅलेंडरची चित्रं अर्धी अर्धी कापून वाटली. आपल्या चित्राचं दुसरं अर्धं ज्याच्याकडे असेल त्याच्या शेजारी बसायचं. मुलांनी बाकाखालून अदलाबदल केली आणि आपापल्या दोस्ताशेजारीच बसली. मग बाईंनी चिठ्ठ्या केल्या. निम्म्या चिठ्ठ्यांवर गणित, निम्म्यांवर उत्तरं. गणितवाल्याने आपलं उत्तर शोधत वर्गभर फिरायचं. मुलं तिथेही लबाडी करायला लागली. पण आता लबाडी करायची तर आपलं उत्तर काय, दोस्ताचं उत्तर काय, आणि कोणाशी अदलाबदल केली तर जमेल, हे सगळं सोडवून काढावं लागायचं. मी म्हटलं, "बाई, फसवतायत तुम्हाला."

"फसवू देत. तीन-तीन गणितं सोडवतायत त्यासाठी. एरवी एक सोडवताना रडतात."

गणित सुधारलं. मधली वाट मात्र तशीच राहिली. आणि मग बाईंचा एक खेळ चुकला. अगदी वाईट चुकला.

खेळ असा होता की प्रत्येकाने स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या, दोन खऱ्या, एक खोटी, आणि खोटी कोणती ते वर्गाने ओळखायचं. खिडकीकडची सानिका नावाची मुलगी उठली. हुशार, जरा अबोल. म्हणाली, "मला दोन्ही हातांनी लिहिता येतं. मी समुद्र पाहिलेला नाही. माझे पप्पा दिवसभर सोफ्यावर बसून असतात, कोणाशीच बोलत नाहीत."

"तिसरी खोटी!" खिडकीकडची मुलं ओरडली. कारण आदल्या वर्षीच्या स्पोर्ट्स डेला तिचे पप्पा आलेले आणि ती धावत असताना सगळ्यांत मोठ्याने ओरडलेले, हे त्यांना आठवत होतं.

सानिका म्हणाली, "समुद्र पाहिलाय मी."

तेवढ्यात कोणीतरी बोललं, "सोफ्यावर? मस्त लाइफ आहे रे!" आणि हशा झाला. सानिका बसली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी तिची आई हेडसरांच्या केबिनमध्ये आली. मला आणि बाईंना बोलावणं आलं.

"मुलीला मी गणित शिकायला पाठवते," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागत होतं. "ह्यांची कंपनी बंद झाली. सहा महिने घरी आहेत. माझ्या घरात काय चाललंय हे सगळ्या वर्गाला कशाला सांगायला लावता? आता लिफ्टमध्ये बायका मला विचारतात, भाऊजी बरे आहेत ना म्हणून."

बाई म्हणाल्या, "चुकलं माझं."

मी वाट बघत होते की आता 'पण' येईल. माझा हेतू तसा नव्हता, मी जबरदस्ती केली नव्हती, असं काहीतरी. ते आलं नाही. आई जाईपर्यंत बाई हात जोडून उभ्या होत्या.

आई गेल्यावर हेडसर म्हणाले, "बस झालं, बाई. आजपासून खेळ बंद. पुस्तक उघडायचं, फळ्यावर लिहायचं, वहीत उतरवून घ्यायचं. हजेरीला हजर म्हणायचं."

"बरं," बाई म्हणाल्या.

शाळा सुटल्यावर मी पर्स उचलली तर बाई दारात उभ्या. "तू वर्गशिक्षिका आहेस. चल माझ्याबरोबर."

सानिकाचं घर चौथ्या मजल्यावर. बेल वाजवली. दार तिच्या वडिलांनी उघडलं. दाढी वाढलेली, अंगात चुरगळलेला टी-शर्ट. त्यांनी आम्हाला आत घेतलं आणि पुन्हा सोफ्यावर बसले. आतून तिची आई आली, आणि सानिका आईच्या मागे उभी राहिली. बाई बसल्या नाहीत.

"सानिका, मी असा खेळ घेतला की ज्यात तुला घरातलं बाहेर काढावं लागलं. तू विश्वासाने खरं बोललीस. चूक माझी झाली, तुझी नाही. हे मी वर्गातही सांगणार आहे, तुझी हरकत नसेल तर."

सानिकाने पायाच्या बोटांकडे बघत मान डोलावली. आईने खुर्ची पुढे केली. मग सोफ्यावरून आवाज आला.

"तुम्हीच ना त्या प्रश्नवाल्या बाई?"

"हो."

"ही घरी पण विचारते. जेवताना. परवा विचारत होती, सकाळी पहिला आवाज कोणता ऐकला."

"मग? काय सांगितलंत?"

"भोंगा. कंपनीचा. सात वाजता व्हायचा. आता कंपनीच नाही, तर कुठला भोंगा? पण मला येतो ऐकू."

मी बाईंकडे बघितलं. आता त्या धीर देणारं काहीतरी बोलतील असं वाटलं. त्यांनी विचारलं, "कुठली शिफ्ट होती तुमची?"

आणि मग तो माणूस बोलायला लागला. शिफ्ट, बॉयलर, कॅन्टीनचा उसळपाव, डोंबिवली एमआयडीसीतला तो रस्ता. चहा आला, गार झाला, पुन्हा गरम होऊन आला. निघताना सानिकाची आई दारापर्यंत आली. "बाई, प्रश्न बंद नका करू," ती हळूच म्हणाली. "घर सोडून विचारा फक्त."

जिना उतरताना बाई म्हणाल्या, "नियम कळला. घरात डोकावायचं नाही. सांगायचं असेल ते मूल आपणहून सांगेल, मी काढून घ्यायचं नाही. हे मला आधी कळायला हवं होतं."

"पण हेडसरांनी बंदच केलंय ना आता सगळं?"

"त्यांना त्रास कशाचा होतो? आवाजाचा." त्या पुढचा जिना उतरल्या. मग म्हणाल्या, "आवाज नाही करायचा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गापुढे उभं राहून, जे म्हटलं होतं ते सगळं सांगितलं. सानिका तेव्हा वर्गात होती. पुढचा आठवडाभर त्यांनी पुस्तक, फळा आणि वही एवढंच केलं. मग हेडसरांकडे गेल्या. चोरून काही करायचं हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. "सर, गुरुवारी चौथ्या तासाला मी एक गोष्ट घेणार आहे. एक शब्दही होणार नाही. बघायला या." हेडसरांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

गुरुवारी पाचवा तास माझा होता, म्हणून मी आधीच जाऊन मागच्या दाराशी उभी राहिले. बाईंनी फळ्यावर लिहिलं, "जन्मतारखेप्रमाणे रांग लावा. जानेवारी दाराशी, डिसेंबर शेवटच्या खिडकीशी. बोलायचं नाही. एक जण जरी बोलला तरी रांग मोडून पुन्हा पहिल्यापासून."

सुरुवातीला सगळेच नुसते उभे. मग बोटं दाखवणं सुरू झालं. पण दोन हातांची दहा बोटं, अकरावा-बारावा महिना कसा दाखवणार? तिथे भावेश पुढे आला. "मना नाय म्हाईत" म्हटल्यावर ज्याला हसले होते, तो. त्याने हाताची सोंड करून दाखवली, सप्टेंबर. मनगटावर राखी बांधल्यासारखं केलं, ऑगस्ट. रंग उडवले, मार्च. अंगावर घोंगडी ओढून थरथरला, डिसेंबर. वर्गाला ती भाषा लगेच कळली. त्याच्या बोलण्याला हसायची सोयच उरली नव्हती, कारण कोणीच बोलत नव्हतं. तो एकेकाला खांद्याला धरून जागेवर नेऊन उभा करायला लागला, खिडकीकडच्यांना सुद्धा. एक भिंतीकडची मुलगी आणि एक बिल्डिंगमधली, दोघींचा महिना एक, तारीखही एक निघाली. दोघी जरा वेळ एकमेकींकडे बघत राहिल्या. मग एकीने दुसरीला हाताला धरून आपल्याच जागेवर खेचलं.

मधल्या वाटेत आता पाय ठेवायला जागा नव्हती.

तेवढ्यात पुढच्या दारात हेडसर आले. "काय चाललंय हे?"

अख्ख्या रांगेने ओठांवर बोट ठेवलं. हेडसरांनी बाईंकडे बघितलं. बाईंचंही बोट ओठांवर. सानिका रांगेतून पुढे वाकली आणि हाताने विचारलं, महिना? हेडसर उभे होते दाराशी, म्हणजे जानेवारीत. भावेशने मान हलवली, ही तुमची जागा नव्हे. हेडसरांनी मागे पॅसेजमध्ये बघितलं, कोणी नव्हतं. मग खिशातून हात काढून हळूच सहा बोटं दाखवली. भावेशने त्यांना बाहीला धरून जूनमध्ये नेलं. तारीख? एक बोट. तिथे एक जूनवाले भिंतीकडचे दोघं आधीच उभे होते. ते सरकले आणि हेडसर मध्ये उभे राहिले.

ते त्या दोघांकडे बघत होते. आणि अगदी हळू आवाजात बोलले, "माझी खरी तारीख कुणालाच माहीत नाही रे. शाळेत घालताना गुरुजींनी एक जून टाकली. आई म्हणायची, भाताची लावणी चालू होती, एवढंच आठवतं."

"श्श्श!" सगळा वर्ग. दोन्ही बाजूंनी, एकाच दमात.

बाईंनी फळ्याकडे हात केला. कोणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. रांग मोडली. हेडसर काही म्हणायच्या आत त्यांनाही दाराशी परत जावं लागलं. दुसऱ्यांदा रांग झरझर लागली, कारण आता सगळ्यांना सगळ्यांची जागा ठाऊक होती. शेवटचा माणूस उभा राहिला तसं बाईंनी टाळी वाजवली, "बोला आता!" आणि छप्पर उडून जाईल एवढा आवाज झाला. त्या आवाजात भिंतीकडच्या त्या दोघांपैकी एक हेडसरांना सांगत होता, "सर, आमची पन तीच हाय. आमची पन गुरुजींनीच टाकलेली."

हेडसर स्टाफरूममध्ये म्हणाले, "महिन्यातून एकदा चालेल."

"आठवड्यातून."

"बघू."

बाईंनी ते 'हो' असं ऐकलं. हजेरीचा प्रश्नही परत फळ्यावर आला.

सगळंच काही जुळून आलं असं नाही. गावची एक मुलगी दिवाळीनंतर आलीच नाही. बाई तिच्या घरी जाऊन आल्या, एकदा नाही, पुष्कळदा. घरच्यांनी चहा दिला, मुलगी दिली नाही. पण वर्ष संपेपर्यंत हजेरीला तिचं नाव बाई पुकारायच्या आणि उत्तर येईल एवढा वेळ थांबायच्या. कोणी सांगितलं की ती येणार नाही, तर म्हणायच्या, "मला माहितीये. नाव तिचं आहे अजून." बाकीच्या मुली मात्र आल्या. एकही घरी बसली नाही. मार्चमध्ये भावेश फळ्यासमोर उभा राहून एका समीकरणाशी झुंजत होता. वळून म्हणाला, "बाय, मना जमतंय वाटतं." कोणी हसलं नाही. खिडकीकडून एक जण काकुळतीने म्हणाला, "मला पण दाखव ना मग."

त्यानंतरच्या वर्षी आमच्याकडे तुकडी कमी झाली आणि बाई अतिरिक्त ठरल्या. रिटायर व्हायला थोडीच वर्षं राहिलेली, आणि समायोजनात बदली झाली ठाण्याजवळ कोलशेतच्या एका शाळेत. डोंबिवलीहून तिथे जायचं म्हणजे रोजची दगदग. मुलीने सांगितलं, नवऱ्याने सांगितलं, घ्या आता स्वेच्छानिवृत्ती. बाई नव्या शाळेत रुजू झाल्या.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी त्यांना भेटायला कोलशेतला गेले. मधल्या सुट्टीत शाळेच्या पायऱ्यांवर बसून आम्ही चहा प्यायलो. थकल्या होत्या. नवी आठवी मिळालेली. अर्धी मुलं हिंदीत विचार करणारी, काही दर वर्षी शाळा बदलत आलेली, कोणी कोणाचं नाव घ्यायला तयार नाही.

"जूनपासून विचारतेय गं रोज. एक शब्द नाही. हजेरीला नुसते हात वर करतात."

"मग?"

"मग काय? मी विचारतेय. उद्या दुसरा प्रश्न, परवा तिसरा. प्रश्न संपायचे नाहीत माझे." सुट्टी संपल्याची घंटा झाली. त्यांनी कप खाली ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "आणि काल मागच्या बाकावरचा एक जण हसला. आवाज नाही आला, पण दात दिसले मला."

आणि त्या भराभरा पायऱ्या चढून वर्गाकडे गेल्या.